भागीरथीवरून आलेल्या तोफा



प्लासीची कथा बहुधा मीर जाफरच्या फितुरीपासून सांगितली जाते. फितुरी खरीच, परंतु तोफा तेथवर पोचल्या कशा, हे क्वचितच विचारले जाते.

१३ जून १७५७ रोजी क्लाइव्हने चंद्रनगर सोडले. गोरे सैनिक, तोफा, दारूगोळा व शिधा सुमारे २०० नावांत होता. त्या नावा प्रवाहाविरुद्ध दोरांनी ओढल्या जात. देशी शिपाई काठच्या बादशाही रस्त्याने पायी चालत. याउलट नवाब सिराजउद्दौलाच्या अवजड तोफा उंच लाकडी मंचांवर चढविलेल्या. एकेका मंचास चाळीस-पन्नास बैलजोड्या, आणि मागून रेटावयास हत्ती! पावसाळी चिखलात हा डोलारा हलावा कसा?

१९ जूनला काटवा इंग्रजांच्या हाती पडले. हे गाव मराठ्यांना परके नव्हे. १७४२ साली तेथेच भास्करराम कोल्हटकरांची छावणी होती. दुर्गापूजेचा उत्सव चालू असता अलिवर्दीखानाने रात्री नावांच्या पुलावरून सैन्य उतरविले व छावणी उधळून लावली. घोडदळाच्या बळावर बंगाल हादरविणाऱ्यांनी नदीला तटबंदी मानले. ती शत्रूची वाट ठरली.

क्लाइव्हही काटव्यास अडखळला. २१ जूनच्या युद्धमंडळात बहुमत पुढे जाण्याविरुद्ध पडले, कारण नदी ओलांडल्यावर पराभव झाला तर परतीची आशा नव्हती. तरीही २२ जूनला त्याने सैन्य पार नेले. दुसऱ्या दिवशी, भर लढाईत, पाऊस कोसळला. नवाबाची दारू भिजली; नावांतून आलेली इंग्रजांची दारू ताडपत्रीखाली कोरडी राहिली.