गाडीच्या ऑईलमधलं ‘औषध’

आज विषय गाडीचा आहे. ‘ते घरातले पुरुष बघतात’ म्हणून रेडिओ बंद करू नका. डेअरीला दूध नेणारी, बाजाराच्या दिवशी भाजीची पोती वाहणारी मोटारसायकल बऱ्याच घरी गटाच्या कर्जातूनच आलेली असते आणि हप्ता आपणच भरत असतो.

सर्व्हिसिंगला गाडी नेली की हल्ली गॅरेजात एक बाटली पुढे येते. ‘ताई, इंजिन आतून साफ करायचं औषध आहे, टाकू का?’ बिलात दोन-तीनशे रुपये वाढतात. मग टाकावं की नाही?

१०० ते १२५ सीसीच्या साध्या मोटारसायकलमध्ये साधारण लिटरभर, बऱ्याचदा त्याहून थोडं कमीच ऑईल मावतं. तेवढंच ऑईल पिस्टनला, गिअरला आणि क्लच प्लेटांनाही पुरवायचं असतं. या प्लेटा ऑईलमध्ये भिजलेल्या असतात आणि तशाच एकमेकींना घट्ट धरून गाडी ओढतात. ऑईल गरजेपेक्षा निसरडं झालं की त्यांची पकड सुटते. मग चढावर, मागं दुधाचे कॅन असताना, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. म्हणून मोटारसायकलच्या ऑईलच्या डब्यावर इंग्रजीत ‘जासो एमए’ किंवा ‘एमए टू’ असं लिहिलेलं बघून घ्यायचं. विनागिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्या डब्यावर बहुतेक ‘एमबी’ असतं. ते ऑईल मोटारसायकलला घालू नका.

आता काळ्या ऑईलची भीती. नवं घातलेलं ऑईल थोड्याच दिवसांत काळं दिसतं आणि आपण म्हणतो, इंजिन घाण झालं. अहो, साफ करणारं द्रव्य ऑईल बनवतानाच त्यात घातलेलं असतं. ते काजळी धरून ठेवतं, आत चिकटू देत नाही. तवा घासला की पाणी काळं होणारच ना? ते काळं ऑईल वेळेवर काढून टाकलं की घाणही गेली. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, त्याप्रमाणे ऑईल बदलणाऱ्या गाडीला वेगळ्या बाटलीची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी कुणी टाकायचीच म्हटलं, तर बाटली कशाची आहे ते आधी वाचायला लावा. फ्लश म्हणतात ते जुन्या ऑईलमध्ये, काढायच्या अगदी आधी घालतात. गाडी जागेवरच पाच-दहा मिनिटं चालू ठेवायची आणि सगळं काढून टाकायचं. तेवढ्यात चक्कर मारायची नाही, कारण त्यानं ऑईल पातळ होतं. दुसरी बाटली नव्या ऑईलमध्ये कायमची ठेवायची असते. ओल्या क्लचला चालेल असं तिच्यावर लिहिलेलं नसेल तर नकोच.

मापही बघा. चारचाकीची ३०० मिलीची बाटली ५ लिटर ऑईलसाठी असेल, तर ९०० मिलीला ५४ मिलीच पुरते. अख्खी ओतली तर पाचपटीहून जास्त झाली! रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुणाऱ्याला तर थेट नाही म्हणा. त्यात वंगण जवळजवळ नसतंच.

जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकानं ऑईल कधी बदललं ठाऊक नाही आणि झाकण उघडल्यावर आत काळा, जाड चिखल दिसतो, तिथं प्रश्न खरा आहे. पण फ्लशनं तो चिखल एकदम सुटला तर जाळी तुंबते आणि ऑईल वर पोहोचत नाही. त्यापेक्षा साधं योग्य ऑईल घालून तीन-चारशे किलोमीटर चालवा, काढा आणि पुन्हा नवं घाला. दोन वेळचा खर्च होतो, पण घाण हळूहळू निघते. निळा धूर येत असेल तर मात्र रिंगा किंवा वॉल्व्हचं सील झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. ते बाटलीनं भरून निघत नाही. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ओढ्याच्या पुरातून गाडी घातली असेल तर ती सुरू न करता मेकॅनिकला दाखवा.

आणि काढलेलं जळकं ऑईल गोठ्यातल्या जनावराच्या जखमेला लावायचं नाही, विहिरीजवळ ओतायचं नाही. हाताला लागलं तर साबणानं धुवा. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जिथं जुनं ऑईल जमा करतात त्या गॅरेजला परत द्या.