मृत्युपत्र: करण्याचा खर्च आणि न करण्याचा



मी बँकेत कारकून. कर्ता पुरुष गेल्यावर पासबुक घेऊन येणाऱ्या भगिनी काउंटरवर म्हणतात, मृत्युपत्र हे बंगलेवाल्यांचं काम, आम्हाला वकील कुठला परवडायचा?

खरे तर मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. मुद्रांक शुल्क लागत नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

खर्च येतो तो न केल्याने. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब १९५१ साली झगडले, त्यातूनच तो आला. पती मृत्युपत्राविना गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित घराचे पत्नी, आई आणि दोन मुले असे चार सारखे वाटे पडतात. मुले अज्ञान असली, तर त्यांचा वाटा विकायला किंवा गहाण ठेवायला जन्मदात्या आईलाही न्यायालयाची परवानगी काढावी लागते. वकिलाची फी, प्रतिज्ञापत्रे, तारखा, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली रोजी! ही रोजी कुणी हिशेबात धरत नाही.

आई-वडील दोघेही गेले, तर मुलांचा पालक कोण, तेही मृत्युपत्रात लिहिता येते.

काही जण म्हणतात, खात्याला वारसाचे नाव लावले आहे. नामनिर्देशन फुकट होते, जरूर करा. परंतु नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक ठरत नाही. आणि नाव लहान मुलाचे असेल, तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचे नावही त्याच अर्जात भरा.