आश्विनातली शिदोरी, चैत्रातले पिल्लू

चैत्र आला की खानदेशातून पायी निघालेल्या भाविकांची रीघ नांदुरीला येऊन भिडते आणि तिथून वणीचा गड चढू लागते. वाटेत पिशव्या जपाव्या लागतात. नारळ, फुटाणे, केळी, पेढ्यांचा पुडा, काहीही हातातून जाते आणि चोर शेजारच्या झाडावर बसून निवांत खातो. याच दिवसांत माकडिणींच्या पोटाला चिकटलेली, सुरकुतल्या चेहऱ्यांची इवली पिल्ले दिसतात.

या पिल्लांचा हिशेब मागच्या नवरात्रापासून मांडावा लागतो. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांत मादी साधारण साडेपाच महिने गाभण असते. मीलन आश्विन-कार्तिकात, बाळंतपण फाल्गुन-चैत्रात. आश्विनात रान पावसाळ्यावर पोसलेले असते. बिया, किडे, कंद यांची रेलचेल, शिवारात पिके तयार. मादीच्या अंगावर चार मुठी चरबी चढते आणि गर्भ राहतो. पुढे उन्हाळ्यात उंबर, करवंद, जांभूळ येतात तेव्हा पिल्लू अंगावर पीत असते. पाऊस लागतो, रान हिरवे होते आणि पिल्लू स्वतः चरायला शिकते. गर्भ वाढवण्यापेक्षा दूध पाजणे आईला फार महाग पडते, म्हणून हे वेळापत्रक महत्त्वाचे. कुणी अंगावरच्या चरबीच्या शिलकीवर संसार करते, कुणी रोजच्या खाण्याच्या मिळकतीवर. वानरकुळात दोन्ही तऱ्हा सापडतात.

काळ्या तोंडाच्या वानरांची गोष्ट याहून बोलकी आहे. गाईसारखे कप्प्याकप्प्यांचे पोट असल्याने ते पाल्यावर जगू शकतात. तरी पाला पाल्यासारखा नसतो. कोवळ्या पालवीत प्रथिने, जून पानात नुसता चोथा. नेपाळच्या तराईत रामनगर इथे वानरांचे कळप वर्षानुवर्षे अभ्यासले गेले. तिथे कुणी खाऊ घालत नाही. माद्यांना गर्भ राहतो तो जुलै ते नोव्हेंबर, म्हणजे अंग भरलेले असते तेव्हा, आणि पिल्ले वर्षाच्या पहिल्या सहामाहीत जन्मतात. मादीचे पहिले बाळंतपण साडेसहा वर्षे उलटल्यावर. दोन पिल्लांत अंतर सुमारे अडीच वर्षांचे.

आता जोधपूर पाहा. मुलूख रखरखीत, झाडोरा खुरटा. अशा ठिकाणी वानर हडकुळे असावेत असे कुणालाही वाटेल. पण तिथली माणसे मारुतीचे रूप मानून त्यांना रोज भाकरी, फळे, भाज्या घालतात. परिणाम असा की पिल्ले बाराही महिने जन्मतात, मादी साडेतीन वर्षांची होताच आई होते आणि दोन पिल्लांतले अंतर सोळा-सतरा महिन्यांवर येते. वाळवंटातल्या मादीचा पाळणा तराईच्या जंगलातल्या मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने हलतो. ऋतूची जागा माणसाच्या हाताने घेतली.

दुसरे टोक बोर्निओत. तिथल्या जंगलातले उंच वृक्ष दरवर्षी फळत नाहीत; काही वर्षांनी एकदम सगळे लगडतात. गुनुंग पालुंग इथे संशोधक शेरिल नॉट यांनी ओरांगउटानांचे खाणे मोजले. सुकाळात मादी दिवसाला सुमारे ७,४०० कॅलरी खाते, टंचाईत जेमतेम १,८००. उपासात लघवीत केटोन उतरतात, म्हणजे शरीर स्वतःचीच चरबी जाळत असते. गर्भधारणेला लागणारी संप्रेरके सुकाळात वाढतात. दोन पिल्लांत सात-आठ वर्षे जातात, यात नवल ते काय?

गड या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. चैत्रोत्सव आणि नवरात्र या दोन मोठ्या यात्रा नेमक्या माकडांच्या बाळंतपणाच्या आणि मीलनाच्या वेळी पडतात, हा योगायोग गमतीचा खराच. पण शिदोरीवर वाढलेला कळप यात्रा उठल्यावर गायब होत नाही. तो कुणाच्या तरी शेताकडे किंवा कौलांवर वळतो, आणि मग त्याच माकडांवर गोफण उगारली जाते. एकीकडे नैवेद्य, दुसरीकडे धोंडे, असा हा आपला व्यवहार.

तेव्हा येत्या यात्रेला पेढ्यांचा पुडा पिशवीच्या तळाशी ठेवा, पिशवीचे तोंड घट्ट बांधा आणि माकडाने हात पुढे केला तरी काही देऊ नका. करवंदीच्या जाळ्या गडाच्या उतारावर आहेतच.