वळण आणि वारसा

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या सभागृहात मी वर्षानुवर्षे खाली मांडी घालून इतरांची भाषणे ऐकली, तिथेच आज बोलायला उभी आहे. मी मुलांची मानसोपचारतज्ज्ञ. माझ्या दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न रोगाविषयीचा नसतो. आई विचारते, "डॉक्टर, आमचं काय चुकलं?"

मूल सात-आठ वर्षांचे असते. बुद्धी चांगली, पण वहीत अर्धेच उतरवलेले, दप्तरातून रोज काहीतरी हरवलेले, बाक सोडून वर्गभर भटकंती. घरी कुणीतरी म्हणालेले असते, "मुलाला वळणच लावलं नाही." या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतात. आपण सोयीसाठी तिचे रूढ नाव, एडीएचडी, वापरू.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी ठीक असतानाही ही मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. परंतु त्याला नाव दिले ते नैतिक नियंत्रणातील दोषाचे. ते नाव पुढे पुस्तकांतून गेले, आपल्या मनातून मात्र अजून गेलेले नाही.

आज आपल्याजवळ जुळ्यांच्या अभ्यासांचा भक्कम पुरावा आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांची, साध्या भावंडांप्रमाणे, सरासरी निम्मी. घर, आईवडील, शाळा दोघांनाही एकच. तरीही पहिल्या प्रकारच्या जुळ्यांत ही लक्षणे दोघांतही आढळण्याचे प्रमाण बरेच अधिक असते. अशा तीसहून जास्त अभ्यासांची सरासरी काढली, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघाला.

या आकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्याचा विपर्यास फार लवकर होतो. वडिलांना एडीएचडी असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ७४ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या मुलाच्या चंचलतेचे ७४ भाग रक्तातून आणि २६ भाग घरातून आले, असाही नाही. समाजातील मुलामुलांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या भिन्नतेशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. उंचीचे उदाहरण घ्या. उंची याहूनही अधिक आनुवंशिक आहे. तरीही पोषण सुधारले की दोन पिढ्यांत नातवंडे आजोबांच्या डोक्यावरून पाहू लागतात. आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे.

आणि हे काम एखाद्या जनुकाचे नाही. एके काळी डोपामिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित दोन-तीन जनुकांकडे संशोधक मोठ्या आशेने पाहत होते. २०१९ साली वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून गुणसूत्रांवरील १२ ठिकाणे निश्चित झाली, २०२३ साली ती २७ झाली. प्रत्येकाचा परिणाम अगदी किंचित. असे हजारो सूक्ष्म फरक आपणा सर्वांतच विखुरलेले आहेत. कुणाच्या वाट्याला ते अधिक येतात, कुणाच्या कमी. पत्ते पिसून वाटावेत तसे. म्हणूनच एकाच घरात एक भावंड शांत आणि दुसरे वावटळीसारखे असते. रक्त तपासून एडीएचडीचे निदान करून देतो असे कुणी सांगितले, तर पैसे खर्चू नका. निदान होते ते घरची आणि शाळेची हकिकत ऐकून, मुलाला पाहून.

हे सारे सांगून झाल्यावर दवाखान्यात पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे कुणाकडून आलं?" सासरकडून की माहेरकडून? 'खाण तशी माती' ही म्हण आपल्या जिभेवर तयारच असते. वळणाचा आरोप सुटतो आणि घराण्याचा लागतो. इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगायची आहे. थोरल्या भावाची परवानगी घेऊन सांगते.

तो याच शाळेत होता. त्याच्या शालेय आयुष्याचा मोठा भाग या इमारतीच्या व्हरांड्यात, वर्गाबाहेर उभे राहण्यात गेला. घरी वडील त्याला मारत. ते स्वतः कधी एका बैठकीत जेवण पुरे करत नसत, ताटावरून तीन वेळा उठत. किल्ल्या रोज हरवत, निम्मी कामे अर्धवट टाकत. या दोन गोष्टी एका धाग्यात असू शकतील, हे डॉक्टर होऊनही कितीतरी वर्षे माझ्या ध्यानात आले नाही. वडील आज नाहीत. जे गेले त्यांचे निदान करू नये. पण आपल्यालाच ज्या गोष्टीचा त्रास होत होता तीच मुलात दिसली म्हणून तर ते इतके चिडत नसतील ना, असे आता वाटते.

म्हणून मी मुलाबरोबर आलेल्या आईवडिलांनाही त्यांच्या बालपणाविषयी विचारते. यात दोष शोधण्याचा हेतू नसतो, उपचाराची गरज असते. औषध वेळेवर द्या, दिनक्रम ठरलेला ठेवा, सूचना एका वेळी एकच द्या, असे आम्ही सांगतो. ज्या पालकालाच वेळ आणि क्रम सांभाळणे जड जाते, त्याच्याकडून हे कसे व्हावे? अशा घरी वेळापत्रक भिंतीवर लावावे लागते, मुलासाठी आणि मोठ्यांसाठीही. कधी पालकालाही उपचार लागतात आणि ते मिळाले की मुलाचे पुष्कळ सुकर होते.

भाऊ आज विजेच्या कामांचे कंत्राट घेतो. शिडीवर चढायचे, उतरायचे, दिवसभर फिरायचे, हे त्याला मानवते. त्याचा धाकटा मुलगा त्याच्यासारखाच आहे. (मुलगा इंग्रजी शाळेत जातो, हे या व्यासपीठावर कबूल करताना जरा संकोच वाटतो.) गेल्या वर्षी बाईंनी पालकांना बोलावून तक्रारींची यादी वाचून दाखवली. भावाने ती पुरती ऐकली आणि म्हणाला, "बाई, हा माझ्यावर गेलाय. याला पुढच्या बाकावर बसवा आणि मधून मधून काहीतरी आणायला पाठवा. मी सांगतो, उपयोग होईल."

बाईंनी त्याला खडूची पेटी आणायचे काम दिले आहे.