गांजा, कायदा आणि आपले घर

(विहारातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पौर्णिमेस वंदना आटोपल्यावर एका मातेने मला बाजूस घेऊन विचारले, "दादा, परदेशांत गांजा मोकळा झाला असे माझा मुलगा म्हणतो. मग आपल्याकडेच तो गुन्हा का?" त्या प्रश्नामागील दुःख मला समजले. मुलाच्या हाती चिलीम आली आहे. मातेस पोलिसांचे भय आहे आणि मुलाच्या नाशाचेही. तिला द्यावयाचे उत्तर मी आज आपणां सर्वांसमोर देतो.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. उरुग्वेने २०१३ साली, कॅनडाने २०१८ साली आणि जर्मनीने २०२४ साली प्रौढांस ठरावीक प्रमाणात गांजा बाळगण्याची मुभा दिली. परंतु हेही ऐका : थायलंडने २०२२ साली बंधने उठविली आणि २०२५ साली वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून ती पुन्हा आवळली. जगाचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

आपल्या देशातही हा वाद जुना आहे. इंग्रज सरकारने १८९३ साली त्यासाठी आयोग नेमला. बेताच्या सेवनाने फारसा अपाय नाही, अतिरेकाने आहे. म्हणून बंदी न घालता कर व परवाने ह्यांनी आळा घालावा, असे त्याने १८९४ साली सांगितले. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा आला. ह्या कायद्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा व राळ म्हणजे चरस हे गुन्ह्यात येतात. नुसते पान येत नाही. म्हणून एकाच झाडाची भांग सणाला उजळ माथ्याने प्यायली जाते, आणि गांजाची पुडी सापडलेल्यास एक किलोपर्यंत एक वर्ष, त्याहून अधिक असल्यास दहा वर्षे, आणि वीस किलोंहून अधिक असल्यास दहा ते वीस वर्षे कारावास होऊ शकतो.

बंदी उठवावी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा आपण नीट ऐकला पाहिजे. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या एका प्रमुख संघटनेने २०१३ साली दाखवून दिले की काळे व गोरे गांजा जवळजवळ सारखाच ओढतात, परंतु तो बाळगल्याबद्दल अटक होण्याचा संभव काळ्यांच्या बाबतीत पावणेचार पट आहे. कायदा सर्वांस एक, पण झडती मात्र गरिबाच्या गल्लीत! आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस तुरुंगातील दर चार माणसांपैकी सुमारे तीन माणसे निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी होती. ज्याला जामीनदार मिळत नाही, त्याची शिक्षा निकालापूर्वीच सुरू होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कोवळ्या वयात नित्य गांजा ओढल्याने स्मरणशक्ती व अभ्यास ह्यांची हानी होते. काहींस त्याचे व्यसन जडते, काहींचे मन भ्रमिष्ट होण्याचा धोका वाढतो. आणि परवान्याने माणूस वाचतो असे कोण म्हणेल? दारू परवान्यानेच विकली जाते. तिने आपल्या किती चुली विझविल्या, हे ह्या सभेतील भगिनींस विचारा. औषधाखेरीज मादक पेये व द्रव्ये ह्यांची बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते, ते उगीच नव्हे.

म्हणून माझे मत असे आहे. ओढणाऱ्यास तुरुंग नको, उपचार हवा. आणि विकणाऱ्यास मोकळे रानही नको. परंतु सरकारने उद्या मुभा दिली, तरी आपला प्रश्न सुटत नाही. काय गुन्हा आहे हे कायदा ठरवितो; काय हितकर आहे हे शील ठरविते. पाचवे शील आपण स्वेच्छेने घेतले आहे. ते राजपत्रातील दुरुस्तीने बदलत नाही.

आता कामाच्या गोष्टी ध्यानात ठेवा. व्यसनी माणूस थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि त्याने सरकारमान्य संस्थेत आपण होऊन उपचार घेतले, तर ह्याच कायद्याचे ६४-अ कलम त्यास खटल्यापासून संरक्षण देते. अंगझडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी ह्यांच्यासमोर नेण्याची मागणी करण्याचा हक्क ५० व्या कलमाने दिला आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसास उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून धर्मांतरित बौद्धांसही अनुसूचित जातींत स्थान आहे. तेव्हा पैसे नाहीत म्हणून कोणी मुकाट्याने आत बसू नये.

ताई, मुलास मारू नका आणि त्याचे व्यसन लपवूही नका. उद्या त्याला घेऊन सरकारी रुग्णालयात जा. एकटीने जाणे जड वाटत असेल तर मला निरोप द्या. मी बरोबर येईन.