खासदार पक्षाची रेघ कधी ओलांडतात?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील महिला मंडळांच्या दौंड येथील मेळाव्यात केलेले भाषण)



विषय वाचून काहीजणींनी मघाशी विचारलेच, की वर्तमानपत्र कोणाचे, वाहिनी कोणाची, याचा बाईशी काय संबंध? रेशन, दारू, मारहाण हे आपले विषय. खरे आहे. पण मोर्चा काढला की दुसऱ्या दिवशी आपण पेपर उघडून बघतोच ना, बातमी आली का? ती छापायची की दाबायची हे ज्याच्या हातात, त्याने किती पेपर, किती वाहिन्या घ्याव्यात यावर बंधन असावे की नसावे, हे कायदा करणारे ठरवतात. आणि याच विषयावर कधीकधी ते आपल्याच पक्षाच्या विरोधात उभे राहतात. का, ते बघू.

उदाहरण अमेरिकेतले आहे, पण दौंडकरणींना चटकन समजेल. नॉर्थ डाकोटा राज्यातले मायनॉट हेही रेल्वेचेच गाव. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्री तिथे मालगाडी घसरली आणि अमोनिया वायू गावभर पसरला. एकजण दगावला, कित्येकांना दवाखान्यात न्यावे लागले. लोकांनी रेडिओ लावला. गावातली सहाही व्यापारी रेडिओ केंद्रे एकाच कंपनीची, गाणी बाहेरून येणारी. पोलिसांना केंद्रावर फोन उचलणारे माणूस लवकर सापडेना. कंपनीचे म्हणणे असे, की दोष पोलिसांच्या सूचनायंत्रणेचा. तो वाद राहू द्या. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत, तिथे आगी लागलेल्या आपण पाहिल्या आहेत. एखाद्या रात्री वायू सुटला तर तुम्हाला कोण सांगणार? आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही.

पुढच्याच वर्षी, २ जून २००३ ला, तिथल्या दळणवळण आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी मालकीचे नियम सैल केले. एका कंपनीच्या टीव्ही केंद्रांनी देशातल्या ३५ टक्के घरांपर्यंतच पोहोचावे अशी मर्यादा होती, ती ४५ केली. सरकार रिपब्लिकन पक्षाचे, आयोगात बहुमतही त्यांचेच. तरी १६ सप्टेंबरला सेनेटने ५५ विरुद्ध ४० मतांनी हे नियम फेटाळले, आणि त्या ५५ मध्ये १२ रिपब्लिकन होते. ठराव मांडणारा बायरन डॉर्गन विरोधी पक्षाचा, मायनॉटच्याच राज्यातला. त्याला साथ देणारा ट्रेंट लॉट मात्र कट्टर रिपब्लिकन. डिसेंबर २००२ मध्ये त्याचे सेनेटमधले पक्षनेतेपद गेले होते. मला वाटते, गमावण्यासारखे फारसे नसलेला माणूस रेघ लवकर ओलांडतो.

पण तेवढ्याने बाराजण फुटत नाहीत. माझ्या मते खरे कारण साधे आहे. रस्ते, कर, शेती या विषयांत खासदार दुसऱ्यासाठी कायदा करतो. इथे तो स्वतः गिऱ्हाईक असतो. निवडणुकीत त्याचे तोंड मतदाराला दिसणार ते गावच्या पेपरात, गावच्या केंद्रावर. तिथे दोन-तीन मालक असले तर एकाने दार लावले तरी दुसरे उघडे राहते. सगळे एकाच मोठ्या शेठच्या ताब्यात गेले की खासदारच त्याच्या दारात! ही भीती पक्ष बघत नाही.

दुसरे कारण आपल्या कामाचे आहे. या नियमांविरुद्ध लाखो पत्रे गेली. त्यात 'नाऊ' ही तिथली मोठी स्त्री संघटना होती, आणि बंदूकवाल्यांची संघटनाही होती! एरवी या दोघी एका व्यासपीठावर यायच्या नाहीत. त्यामुळे 'हे विरोधकांचे कारस्थान' असे म्हणून खासदाराला सुटता येईना. शेवट मात्र तडजोडीत झाला. जानेवारी २००४ मध्ये मर्यादा ३९ टक्क्यांवर आली, म्हणजे बड्या कंपन्यांकडे होते ते राहिले.

आता आपल्याकडे या. तुमच्यापैकी ज्या पंचायत समितीत निवडून गेल्या आहेत त्यांना व्हिप काय असतो हे सांगायला नको. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीपासून पक्षादेश मोडून मत दिले की खासदारकीवर गदा. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ मध्ये आख्खे पक्ष फुटले, पण ते सत्तेसाठी. एखाद्या प्रश्नासाठी फुटलेला एकटा आमदार मला दाखवा.

तरी व्हिप एवढेच कारण नाही. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक आले होते. वर्तमानपत्राच्या मालकाला प्रसारण कंपनीत २० टक्क्यांहून जास्त हिस्सा नको, राजकीय आणि धार्मिक संस्थांना परवाना नको, असे त्यात होते. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. अध्यक्ष होते शरद पवार, म्हणजे तुमचेच बारामतीचे खासदार. डिसेंबरात लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बारगळले. २०१४ मध्ये 'ट्राय'ने पुन्हा शिफारस केली, की राजकीय पक्षांना वाहिन्या आणि केबलपासून दूर ठेवा. कायदा झाला नाही. कसा होणार? 'सामना' शिवसेनेचा, 'लोकमत'चे विजय दर्डा १८ वर्षे राज्यसभेत, तमिळनाडूत सन टीव्ही मारन कुटुंबाचा. अमेरिकेतला खासदार मालकाला भितो. आपल्याकडे मालक त्याच्याच बाकावर बसलेला असतो. इथे पक्षांची रेघ ओलांडायचीच गरज पडत नाही, सगळ्या पक्षांची रेघ एकच आहे.

फट एका ठिकाणी दिसते, समित्यांमध्ये. तिथे व्हिप चालत नाही. वर्तमानपत्रांत परकी भांडवल घेऊ नये असे २००२ मध्ये सोमनाथ चटर्जींच्या अध्यक्षतेखालच्या सर्वपक्षीय समितीने बहुमताने म्हटले होते. सरकारने ऐकले नाही आणि २५ जूनला २६ टक्क्यांना मंजुरी दिली. खाते सुषमा स्वराज यांच्याकडे होते. बाई मंत्री असली की आपोआप आपली बाजू होत नाही, हे आपण जाणतोच. पण विरोध नोंदला गेला, आणि तो समितीत नोंदला गेला.

सभागृहावर फार विसंबू नका, याचे आणखी एक उदाहरण. १९ डिसेंबर २०२३ ला लोकसभेतून ४९ विरोधी खासदार निलंबित झाले, त्यांत बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे होते. २१ तारखेला नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा मंजूर झाला. आपल्या त्रैमासिकालाही तोच लागू. दोन्ही तालुक्यांचे खासदार तेव्हा दाराबाहेर!

प्रसारण सेवांच्या विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये, नवा मसुदा काढू, असे मंत्रालयाने सांगितले. विधेयक सभागृहात पोहोचण्याआधी, पक्षाने मत ठरवण्याआधी, आपले म्हणणे समितीपुढे गेले पाहिजे. समिती निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत मागते, म्हणून मराठीबरोबर हिंदी मजकूरही तयार ठेवला आहे. मागण्या दोनच: वाहिनी आणि केबलच्या मालकाचे नाव व पक्षाशी संबंध जाहीर व्हावा, आणि तालुक्यात संकटाची सूचना देणारे माणूस केंद्रावर रात्रीही हजर असावे. दोन्ही खासदारांना प्रती देऊ. भजनी मंडळ, बचत गट, शेतकरी संघटना, ज्यांच्याशी आपले एरवी पटत नाही त्यांच्याही सह्या घ्या. कागद मागच्या रांगेपासून फिरवते आहे. नावासमोर गाव स्पष्ट लिहा.