तेंदूचा लिलाव : बोली ऐकायची कशी?



मे महिन्यात भामरागडच्या रानात भल्या पहाटे पानतोडणी सुरू होते. पान तोडायचं, पुडके बांधायचे, फळीवर न्यायचे, यातलं बरंचसं काम आपल्याच हातचं. पण भाव ठरतो लिलावात, आणि तिथे आपण मागे बसतो. म्हणून आज लिलावाचं बोलू.

1996 च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करून विकायचा हक्क पक्का केला. वनखात्याचा लिलाव संगणकावर चालतो. आपला चालतो गावासमोर.

बोली लागते प्रमाण गोणीवर. 70 पानांचं एक पुडकं, 1000 पुडक्यांची एक गोणी. म्हणजे एका गोणीत 70,000 पानं. कंत्राटदार भाव सांगेल तेव्हा पहिला प्रश्न विचारा : यात मजुरी किती आणि रॉयल्टी किती? कुणी मजुरी वाढवून सांगतो आणि रॉयल्टी कापतो. दोन्हींची बेरीज करूनच बोली ताडून पाहा.

दुसरा प्रश्न : पैसे कधी देणार? समजा, 200 गोण्या आहेत. एकाने गोणीला 12,000 सांगितले, पण अनामत नाही. दुसऱ्याने 11,000 सांगितले, निम्मे पैसे पान उचलण्याआधी आणि बाकीच्यांची हमी. कागदावर पहिल्याचे 24 लाख, दुसऱ्याचे 22. पण पहिला निम्मे देऊन गेला, तर हाती 12 लाखच. चुरशीत चढवलेला भाव पुढे परवडला नाही, की चांगले पुडकेही ‘बाद’ म्हणून बाजूला पडतात. 2017 च्या हंगामात भाव खूप चढले होते. नंतर कित्येक ग्रामसभांना आपल्याच पैशासाठी खेटे घालावे लागले.

कधी कंत्राटदार आधीच आपसात ठरवून येतात : हे गाव तुझं, ते माझं. मग बोली चढतच नाही. त्यावर उपाय आहे. कमीत कमी भाव गावाने आधी ठरवावा आणि लखोटे फुटेपर्यंत बाहेर सांगू नये. त्याखाली बोली आली, तर लिलाव पुढे ढकलावा. इलाक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र बसावं. शेजारच्या गावाचा भाव पाडून आपलं पान खपवू नये.

आता रीत. अटी सगळ्यांना सारख्या. लखोटे सगळ्यांसमोर फोडायचे. रात्री फोनवर आलेली बोली धरायची नाही, मग ती जास्त का असेना. नाहीतर पुढच्या वर्षी सरळ माणूस येणारच नाही. कंत्राटदाराच्या घरचं जेवण नको, पार्टी नको. ठरलेलं सगळं ठरावात लिहायचं, माडियात समजावून सांगायचं, मगच सही.

आणि बायांनो, त्या दिवशी पुढे बसा. पुडके आपण मोजतो, तर पैसेही आपल्यालाच मोजता आले पाहिजेत.

जोहार!